पार्किनसाहेबाच्या घरचे

विद्याच्या आईचे डोळे घारे. पुण्यात लोक तिला कोकणस्थ समजत आणि आईही ती समजूत खुशाल राहू देई. खरी गोष्ट इगतपुरीची होती. आईचा पणजोबा सॅम्युअल पार्किन हा इंग्लंडातून पोटासाठी बाहेर पडलेला इंजिन ड्रायव्हर. घाटात गाडी चालवायचा. गावातल्या साळूबाईशी त्याने संसार मांडला, मुलगा झाला, आणि पोर रांगायच्या आत साहेब जपानला गेला. तिथे नवी रेल्वे निघाली होती म्हणे. गेला तो गेलाच. पुढे पिढ्यान्‌पिढ्या गावाने त्या घराला ‘पळपुट्याचं घर’ म्हटलं. लोकांच्या जिभेला काही हाड नसतं.

विद्याच्या नवऱ्याला, पुष्करला, कावासाकी शहरात प्रोजेक्ट मिळाला, तेव्हा त्याच्यामागोमाग विद्याही जपानला आली. कचरा वेगवेगळा करणं, शेजारणीपुढे कमरेत वाकणं, कामापुरती जपानी, कोन्बिनीत म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात अर्धवेळ नोकरी, सगळं ती भराभर शिकली. बाई मूळची फटकळ, पण काउंटरवर उभी राहिली की तोंडात खडीसाखर. एका रविवारी आईचा फोन आला.

“तिथे आहेसच, तर बघ एकदा,” आई म्हणाली. “तो खरंच पळाला का, एवढंच कळू दे. पण तिकडे दुसरं घर केलं असेल, तर मला सांगू नकोस.”

योकोहामा गाडीने जवळच. तिथल्या टेकडीवर परदेशी लोकांची जुनी दफनभूमी आहे. विद्याने दफनभूमीच्या कचेरीत फोन केला. पलीकडच्या बाईंना नाव लगेच सापडलं. सप्टेंबरात हिगानच्या रविवारी या, असं त्यांनी अदबीने सुचवलं. हिगान म्हणजे जपान्यांचा पितरांचा आठवडा. त्या दिवशी पार्किन-सानच्या घरचे दरवर्षी येतात, भेट होईल.

घरचे! म्हणजे साहेबाने इथे दुसरा संसार थाटला होता तर. कशाला उगाच खपली काढतेस, असं पुष्करने सुचवून पाहिलं. पण विद्या ऐकणाऱ्यातली नव्हे. त्या रविवारी ती शेवंतीची फुलं घेऊन एकटीच निघाली. भांडायला जायचं झालं तरी रिकाम्या हाताने जाऊ नये, अशी तिच्या आईची शिकवण.

थडग्यापाशी एक म्हातारा, त्याची बायको आणि मुलगी ब्रशने दगड घासत होती. शेजारी पाण्याची बादली, तिच्यात लांब दांड्याची लाकडी पळी. विद्याने तिघांच्या चेहऱ्यांत घारे डोळे शोधले. ते नव्हते. तुम्ही यांचे कोण, असं तिने सरळच विचारलं.

कोणीच नाही, म्हातारा म्हणाला. त्याचं नाव सुगियामा. त्याचा पणजोबा पार्किनच्या इंजिनावर कोळसा टाकायचा. साहेबाने त्याला इंजिन चालवायला शिकवलं. रुळाजवळ घर भाड्याने घेतलं होतं, बायको आणि मुलगा पुढच्या बोटीने येणार म्हणून रोज सांगायचा. पण पहिल्याच उन्हाळ्यात साथ आली आणि साहेब गेला. मरताना त्याने कुणावर काही सोपवलं नव्हतं. कोळसेवाल्यानेच घरात सांगून ठेवलं, त्याची माणसं येईपर्यंत थडग्यावर आपण पाणी घालायचं. मग कोळसेवाल्याच्या मुलाने घातलं, नातवाने घातलं. युद्धात इंग्रज म्हणजे शत्रू, तेव्हा सुगियामाची आई उजाडायच्या आत लपूनछपून येऊन पाणी घालून जाई.

विद्या ऐकतच राहिली. पोटच्या पोरांना आईबापांचं श्राद्ध जड होतं, आणि या लोकांनी सव्वाशे वर्षं एका परक्याला पाणी दिलं होतं, तेही न पाहिलेल्या माणसांच्या वतीने. तिला त्या तिघांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. साहेब पळाला नव्हता. तो वाट बघत होता.

तिने अडखळत सांगितलं की ती हिंदुस्थानातून आली आहे, इगतपुरीच्या त्या मुलाची पणती आहे.

म्हाताऱ्याने पुरावा मागितला नाही. त्याने टोपी काढली आणि तिच्याकडे नव्हे, दगडाकडे तोंड करून तो कमरेत वाकला. कमी ऐकू येणाऱ्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसा मोठ्याने बोलला.

“पार्किन-सान, बोट लागली. तुमची माणसं आली.”

मग त्याने पळी विद्याच्या हातात दिली आणि ती तिघं मागे सरकून उभी राहिली.