बारकी सॅक
परवा एसटीत शेजारी बसलेल्या पोरीच्या नव्या सॅकचा वास आला आणि नसरापूरचं ते दुकान आठवलं. लेकीला परदेशात नोकरी लागली होती, म्हणून विमानात जवळ ठेवता येईल अशी सॅक घ्यायला आम्ही दोघी गेलो होतो. वर टांगलेल्या सॅकांनी दुकानात अंधार झाला होता. दुकानदार एक मोठी सॅक काढून म्हणाला, "वहिनी, ही न्या, निम्मं घर मावंल हिच्यात." लेक हसली. "घर न्हाई न्यायचं काका, ती बारकी दाखवा." तिनं ती पाठीला लावून आरशात वळून वळून पाहिलं आणि म्हणाली, "दोन ड्रेस मावत्यात, बास झालं." मला आतून लई बरं वाटलं. आमच्याकडं राहायला जाणारी बाई बोचकं बांधून जाते, लगेच परतणारी नुसती पिशवी घेते. सुरुवातीला तिचे फोन यायचे, मग बंद झाले, आता नंबरही लागत नाही. तिचे बाकीचे कपडे कपाटातच आहेत. दिवाळीआधी मी ते धुऊन अंगणात वाळत घालते, तेव्हा शेजारीण कुंपणावरून विचारते, "पोरगी आली व्हय गं?" मी "न्हाई" म्हणते आणि ओल्या बाह्या सरळ करत राहते.