दवाखान्यातल्या रागीट बाई

"माझ्याकडे काय बघतोस? पायाकडे बघ," असं म्हणत बाई पेशंटचाच अंगठा धरून त्याच्या नडगीवर दाबायच्या. अंगठा उचलला की तिथे खळगा राहायचा. "हे पाणी साचलंय. उद्या सकाळी तूच दाबून बघायचंस."

हे सांगतानाही त्या रागावलेल्या असत. अशा रागीट नर्स तुम्हीही पाहिल्या असतील. पण आमच्या बाईंचा राग पेशंटवर कमी आणि त्याच्यासोबत आलेल्या माणसांवर जास्त असायचा.

खाडीकाठच्या त्या लहान दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. आसपासच्या पावणे, रबाळे या गावांत अजून भातशेती आणि मिठागरंच होती. डॉक्टर ठाण्याहून अधूनमधून येत आणि औषध ठरवून देत. हृदय बिघडलेल्या माणसाने जगायचं कसं, हे बाई शिकवत. मिठागरावर राबणाऱ्याला मीठ कमी खा, सुकट सोड, असं सांगितलं की लोक हसत. बाई हसत नसत. त्या घरी जाऊन चुलीवरचं कालवण चाखत आणि खारट लागलं की वाटी आपटत.

रबाळ्याची हिरू आली ती बैलगाडीत निजून. लहानपणी सांधे धरून ताप आलेला, त्यात हृदयाची झडप खराब झाली होती. पहिलं मूल बाळंतपणातच गेलं, आणि तेव्हापासून तिला धाप लागायची. सासूने तिला कोपऱ्यात टाकून ठेवलं होतं. "ही आता घडीभरची पावनी हाय," सासूने तिच्यादेखत आम्हाला सांगितलं.

"हिच्या तोंडावर पुन्हा हिचं मरण काढलंत, तर पायरी चढू देणार नाही," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी गोळ्या आणि महिन्याचं इंजेक्शन लिहून दिलं. बाईंनी बाकीचं शिकवलं. पाठीला भाताच्या तुसाचं पोतं लावून टेकून झोपायचं. बोलता येईल इतपतच चालायचं. पाय सुजले की वाट न बघता यायचं. हिरूला सगळ्याची भीती वाटायची. पाण्याची रिकामी कळशी उचलायलाही ती धजत नसे. बाईंनी दवाखान्याच्या विहिरीवर तिला स्वतः उभं केलं, कळशीत थोडंसंच पाणी घातलं आणि शेजारून चालत राहिल्या. काही महिन्यांनी हिरू रबाळ्याहून एकटी चालत, वाटेत बसत-उठत आली, तेव्हा बाईंनी तिला उशीर का झाला म्हणून झापलं. मग आत जाऊन डोळे पुसले.

आणि अशा वेळी सासूने मुलाचं दुसरं लग्न ठरवायला घेतलं. एक बायको असताना दुसरी करायची नाही असा कायदा झाला होता, पण आमच्या गावांत तो कुणी जुमानत नव्हतं. पहिली बायको दिवाळीपर्यंत जगत नाही, असं मुलीकडच्यांना सांगितलं होतं. मुलीचा बाप आणि काका बघायला आले. हिरू भरलेली कळशी घेऊन अंगणातून आली आणि तिने पाण्याचे तांबे त्यांच्यापुढे ठेवले.

"मी जिती हाय," ती म्हणाली. "माज्या मरनावर तुमची पोरगी देऊ नका."

पाहुणे चहा न घेता उठले. हिरूचा नवरा तोंड खाली घालून बसला होता. त्याने आईला एवढंच सांगितलं की पुन्हा हा विषय नको.

सगळं खापर फुटलं बाईंवर. बाईने सून बिघडवली, घरं मोडते, अशी तक्रार गावातल्या मोठ्या माणसांनी वर केली. वरच्या साहेबांनी हिरूला कधी पाहिलं नाही, बाईंना एक प्रश्न विचारला नाही आणि बदली केली. डॉक्टर भांडून आले, उपयोग झाला नाही. त्या तक्रारदारांतल्या दोघांच्या आयांना बाईंनीच अंथरुणातून उठवून चालतं केलं होतं. मी म्हातारा झालो, तरी हा राग माझ्या पोटातून गेलेला नाही.

बाई ऐरोलीहून होडीने मुलुंडकडे जाणार होत्या. निरोपाला मी होतो, आणि उन्हातून चालत आलेली हिरू. ती बोलायला गेली, पण तिला दम लागला होता. बाईंनी तिला बांधावर बसवलं, वाकून बसायला लावलं आणि मनगट धरून शेजारी बसल्या. होडीवाला हाका मारत होता. बाईंनी त्याला हाताने खुणावून जायला सांगितलं.

होडी गेली. पाणी उतरत चाललं होतं, आता पुढच्या भरतीपर्यंत दुसरी मिळणार नव्हती. बाई ट्रंकेला टेकून बसल्या होत्या आणि हिरू त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून सावकाश श्वास घेत होती.