अक्काच्या रक्तावरचं पत्रक

अक्काचा ताप बाराव्या दिवशीही उतरला नाही. मानेला दोन्ही बाजूंनी सुपारीएवढ्या गाठी आलेल्या, थुंकी गिळतानाही तिचे डोळे भरायचे. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. भवानी पेठेतल्या लॅबमधल्या बाईंनी कार्डावर रक्ताचा थेंब टाकला, हलवला, दाणे गोळा झालेले मला दाखवले. "मोनो आहे. पॉझिटिव्ह."

डॉक्टर म्हणाले, मोनो म्हणजे विषाणूचा ताप, विश्रांती घेतली की बरी होईल. अक्का टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला होती. रजेसाठी मी तो रिपोर्ट तिथे नेऊन दिला. त्यातला 'पॉझिटिव्ह' हा एकच शब्द सगळ्यांना वाचता आला, आणि आमच्या भागात त्या शब्दाचा आजार एकच. दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण भेटायला आली ती उंबऱ्याबाहेरच थांबली. "पाणी नको गं, घरून पिऊन आलेय."

वडिलांनी आयुष्यभर गिरणी कामगारांची पत्रकं लिहिली. अफवेला उत्तर छापून द्यायचं, हे मी अक्षरओळखीबरोबर शिकले. मी लिहिलं: हा एड्स नाही. हा लाळेतून पसरतो. एका ग्लासातून पाणी प्यायल्याने, चुंबनाने.

अक्का म्हणाली, "तेवढा शेवटचा शब्द काढ."

"अर्धं खरं छापायचं नसतं," मी म्हणाले.

पन्नास झेरॉक्स काढून जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या दारात वाटल्या. नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. आजारी एकटी तीच होती. बायांनी आधी उभ्याउभ्याच वाचलं. मग एक म्हणाली, "ग्लास तर आपण सगळ्या एकच वापरतो की. मग हिलाच कसा झाला?" दुसरी म्हणाली, "शेवटचा शब्द वाच की." हसणं आत मशीनपर्यंत गेलं.

आठवड्याने मी मुकादमाला विचारायला गेले, अक्का सोमवारपासून आली तर चालेल का. त्याने खिशातून पत्रक काढलं.

"हे तुमीच वाटलं न्हवं?"

"हो."

"मग? लग्न न झालेली पोरगी. बाकीच्यांचे घरवाले मला इचारत्यात. दुसरी बाई ठेवली मी."

मी भांडले. कायदा सांगितला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी काय खोटं बोलतोय व्हय? तुमीच लिवलंय."

घरी अक्का उशीला टेकून बसली होती. "काय म्हणाला?"

"बरी झालीस की ये म्हणाला."

ती लगेच उठली, भिंतीला धरत मोरीपर्यंत गेली आणि सोमवारसाठी डबा घासायला बसली.