जुगार चालतो, गाणं चालत नाही

बाबा गेले त्याला आठ महिने झाले होते, आणि दादाने ठरवून टाकलं होतं की वर्ष पाळायचं. पाळायचं कुणी, तर आईने. तो स्वतः अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, मित्रांच्या बार्बेक्यूला जात होता. वहिनीने नवी गाडी घेतली होती. मी तिकडेच माझ्या गावी, पिस्कॅटवेत, लेकीचा वाढदिवस चांगला हॉल घेऊन केला होता. आमचं कुणाचं काही अडलं नव्हतं. आईचं गाणं तेवढं अडलं.

आई सांगलीला घरी मुलींना गाणं शिकवायची. थोडीथोडकी नाही, पस्तीस वर्षं. तेरावा झाल्यावर दादाने तिचा तंबोरा गवसणीत घालून माळ्यावर टाकला, मुलींना "वर्षभर क्लास बंद" असं सांगून टाकलं आणि पुढे आईला अमेरिकेला घेऊन आला. "नवरा गेला आणि ही आ लावून बसते," असं आमच्या एक काकू म्हणाल्या होत्या. ते त्याच्या डोक्यात बसलं. आणि मी तरी काय दिवे लावले? आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा गाडीतल्या गाण्याच्या सीडी मीच काढून ठेवल्या. तिला त्रास नको म्हणून, असं स्वतःला समजावत होते. खरं कारण म्हणजे मला दादाशी वाद नको होता.

पूर्वी भाजी निवडताना, वेणी घालताना, आईच्या घशात सतत काहीतरी घोळत असायचं. ते आता साफ बंद झालं होतं. फोनवरसुद्धा ती हळू बोलायची. एकदा कणीक मळता मळता म्हणाली, "आवाज गेला गं माझा. आता ह्या वयात परत लागायचा नाही." वर्ष संपेल, तंबोरा खाली येईल, आणि ही गाणारच नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मे महिन्यात लाँग वीकएंडला दादा-वहिनी आमच्याकडे आले. "आईचं मन रमेल असं काहीतरी करू," दादा म्हणाला, आणि ह्या शहाण्याने काय शोधून काढावं? अटलांटिक सिटी! दशम्या, चटणी आणि दहीभाताचे डबे घेऊन आम्ही कसिनोत पोचलो. जुगाराच्या मशीनजवळ मुलांना फिरकू देत नाहीत, म्हणून माझा नवरा लेकीला घेऊन समुद्रावर गेला. दादाने आईला एका मशीनपुढच्या उंच स्टुलावर बसवलं, हातात नाण्यांचा पेला दिला आणि म्हणाला, "ओढ आई दांडा. मजा येते बघ!"

आई बिचारी हापसा मारावा तशी दांडा ओढत राहिली. साडीवर स्वेटर, पायात मी घेऊन दिलेले लेसचे बूट, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. वहिनी मात्र शेजारच्या मशीनवर चांगलीच रंगली होती.

एकदम आईचा हात थांबला.

"भीमपलास," ती म्हणाली.

"काय?"

"भीमपलास गातंय कुणीतरी. बाई आहे."

मला तर चारी बाजूंनी मशीनची टणटण तेवढी ऐकू येत होती. आईने पेला माझ्या हातात कोंबला आणि निघाली. मी तिच्या मागे. गालिचे तुडवत दोन वळणं घेतली आणि समोर एका बँक्वेट हॉलबाहेर हा चपलाबुटांचा ढीग! हॉटेलचा गार्ड त्याच्याकडे संशयाने बघत उभा. भारतीय डॉक्टरांचं संमेलन होतं, दुपारची मैफल चालली होती. खुर्च्या हटवून जमिनीवर पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. दारात गळ्यात बिल्ला अडकवलेले एक काका उभे होते.

तेवढ्यात दादा धापा टाकत आला. "आई, अगं काय हे! वर्ष झालं नाही अजून. आत किती मराठी लोक असतील. कुणी ओळखीचं निघालं तर?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जुगार चालतो आणि गाणं चालत नाही? वा रे तुझं वर्ष पाळणं! बाबांना ह्यातलं काय आवडलं असतं, सांग ना!"

"हळू बोला ना यार, लोक बघतायत," मागून आलेली वहिनी म्हणाली.

"बघू देत! तंबोरा माळ्यावर टाकताना आईला एका शब्दाने विचारलं होतंस का रे?"

"तू कुठे बोललीस तेव्हा?" दादा म्हणाला. "तिथेच तर होतीस."

खरं होतं. मी स्टूल धरलं होतं. तो चढला होता आणि मी खालून स्टूल धरलं होतं.

आम्ही भांडत होतो तोवर आई भिंतीला टेकून बुटांच्या लेस सोडत बसली होती. बूट ढिगात ठेवून ती दाराशी गेली.

"डॉक्टर का आपण?" काकांनी विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "गाते मी."

काकांनी दार पूर्ण उघडलं. "मग मागे कशाला? पुढे जाऊन बसा."

ती खरंच पुढे जाऊन बसली, अगदी पहिल्या रांगेत. मी तिच्या शेजारी. थोड्या वेळाने तिची बोटं मांडीवर ताल धरायला लागली. गाणाऱ्या बाई वरच्या षड्जावर जाऊन थांबल्या आणि आईच्या तोंडून "वा!" गेलं. मला रडूच फुटलं.

मग दादा मोज्यांनी, वाकत वाकत आला आणि आईच्या पुढ्यातच उभा राहिला. "आई, चल ना. बाबांसाठी तरी."

आईने मान वर केली.

"तुझे बाबा गेले. मी गेलेली नाही," ती म्हणाली, पस्तीस वर्षं वर्गात लावायची त्या खणखणीत आवाजात. तबलजीनेसुद्धा वळून पाहिलं. "बस इथे. नाहीतर बाजूला हो, बाई दिसत नाहीत मला."

दादा बसला.