टायरमधली सुई

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात एक प्रसंग घडला. तेव्हापासून मला स्वस्थ झोप लागलेली नाही... म्हणून आज हे लिहीत आहे.

हिंगोलीच्या रेल्वे स्थानकाबाहेर माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. शिक्षण चौथीपर्यंतच झाले, परंतु कामात चूक दाखवण्याची संधी मी आजवर कोणाला दिलेली नाही. टायरच्या आतून उघडी बोटे फिरवून काटा शोधायचा, ही माझी पद्धत. बाभळीचा काटा की तारेचा तुकडा, हे मी न पाहता सांगतो.

त्या सकाळी राणी आपली पंक्चर झालेली भंगाराची तीनचाकी ढकलत आली. अकरा-बारा वर्षांची मुलगी. स्थानकामागे उघड्यावर राहणाऱ्या मुलांपैकी एक.

त्या मुलांतील काही जण पंक्चरचे सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगतात आणि काही मोठी मुले गुंगीची सुई टोचून घेतात, हे आम्हा सर्व दुकानदारांना ठाऊक आहे. एक ताई या मुलांपैकीच काहींना हाताशी धरून बाकीच्यांना सावध करण्याचे काम करतात. राणी त्यांच्या गटात आहे. "लेकरांना सोल्युशन विकू नका," असे त्या दोघी मला सांगून गेल्या होत्या. मला ते मुळीच रुचले नव्हते... कारण मी ते कधी विकलेच नव्हते.

ही मुले पाणी मागत, तेव्हा मी तांब्याने वरून त्यांच्या ओंजळीत घालीत असे. ग्लास देत नसे. रोगाचे भय, दुसरे काही नाही.

तर... मी टायरमध्ये हात घातला आणि बोटात काहीतरी खोल घुसले. बाहेर काढून पाहतो तो रक्त, आणि टायरमध्ये रुतलेली इंजेक्शनची मोडकी सुई. सवयीने मी बोट तोंडाकडे नेले.

"बाबा, चोखू नका!" राणी इतक्या मोठ्याने ओरडली की समोरचा चहावाला बाहेर आला. "दाबू बी नका! साबन कुठं हाय?"

तिने मला नळाखाली बोट धुवायला लावले. नंतर म्हणाली, "आता सरकारी दवाखान्यात चला." मी म्हणालो, दुकान बंद करून संध्याकाळी जाईन.

"संध्याकाळी काहून? रोग काय तुमचं गिऱ्हाईक हाय, बाकड्यावर बसून राहाया?"

दवाखान्यात नेमके काय विचारावे, हे मला सुचेना. एचआयव्ही हा शब्द माझ्या तोंडून निघेना. राणीनेच खिडकीपाशी स्पष्ट सांगितले, "बाबाला पडलेली सुई टोचली." तिला तिथली वाट माहीत होती. "माझा भाऊ हितूनच गोळ्या घ्यून राहिला," ती सहज म्हणाली. कोणत्या गोळ्या, हे विचारण्याची गरज नव्हती.

डॉक्टर म्हणाले, धोका फार थोडा आहे, परंतु महिनाभर गोळ्या न चुकता घ्या आणि सांगितलेल्या वेळी तपासणी करून घ्या. एकत्र जेवल्याने, स्पर्शाने हा रोग पसरत नाही, हेही तेथील बाईंनी समजावून सांगितले. मी मान हलवली... ऐकले सर्व, परंतु माझ्यातल्या भीतीने काहीच ऐकले नव्हते.

घरी कोणाला काही सांगितले नाही. टॉवेल वेगळा केला. दुकानातील माझ्या ग्लासाला सुतळी बांधून तो वेगळा ठेवला. नात नुकतीच रांगू लागली आहे. ती माझ्याकडे येऊ लागली की मी उठून बाहेर जात असे. गोळ्यांनी मळमळत असे, तर पित्ताचे निमित्त सांगत असे.

एके दिवशी सूनबाई दारात आडवी उभी राहिली. "मामा, माझं काही चुकलं का? लेकरू तुमच्याकडं येऊन राहिलं, अन् तुमी उठून चाललात." मी चपला घालून दुकानाकडे निघालो.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी राणी पाणी प्यायला आली. मी तांब्या उचलला, परंतु तिचे लक्ष सुतळीच्या ग्लासाकडे गेले. "ह्यो काहून बांधला?"

"तो माझा आहे. त्याला हात लावू नकोस." माझा आवाज चढला होता.

तिने माझ्याकडे पाहिले. मग ग्लास घेतला, माठातून भरला आणि तोंड लावून सगळे पाणी प्यायली. "आमाला तं ओंजळीत घालतच होता. आता सोताला बी घालून राहिला व्हय?"

मी तांब्या खाली ठेवला.

"मी अन् भाऊ एकाच ताटात जेवतो, बाबा. माझी तपासनी झाली. काय बी न्हाई मला." असे म्हणून तिने तोच ग्लास पुन्हा भरला आणि माझ्यापुढे धरला. मी प्यालो.

त्या संध्याकाळी सूनबाईला सर्व सांगितले. ती आत गेली, झोपलेले लेकरू उचलून आणले आणि माझ्या मांडीवर ठेवले.

आता मी टायरमध्ये आधी जाड फडके फिरवतो. सुतळी सोडली आहे. ग्लास माठावर असतो आणि स्थानकामागची मुले त्यानेच पाणी पितात.

आतापर्यंतच्या तपासण्यांत काही निघाले नाही. शेवटची एक बाकी आहे, आणि भीती गेलेली नाही... खोटे कशाला लिहू. परंतु त्या तपासणीच्या सकाळी माझ्याबरोबर यायला मी राणीला सांगून ठेवले आहे. कोणाला सोबत मागण्याची मला सवय नाही. तिने मात्र एका शब्दात उत्तर दिले... "येते."