शनी बघायला आलेला माणूस

बायकोबरोबर मी केलेलं शेवटचं काम म्हणजे भाताभोवतीच्या, रानडुकरांना विजेचा झटका देणाऱ्या कुंपणाला बॅटरी जोडणं. तिनं टॉर्च धरला आणि "वायरी उलट्या लावाल, बघा," म्हणून मलाच शिकवलं. दोन दिवसांनी ती वारली. पुढं भात पिकून वाकलं, तरी मी बांधावर गेलो न्हाई.

अशात एका सांजेला बेळगावकडचा एक माणूस अंगणात आला. अणशी घाटाच्या वाटेवर इथनंच आभाळ मोकळं दिसतं म्हणाला. त्याच्याजवळ कॉम्प्युटरवाल्या दोन दुर्बिणी होत्या. त्यातली कोणती ठेवावी ते त्याला बघायचं होतं. बटण दाबायचा आणि म्हाताऱ्या माणसाचं उत्तर ऐकावं तशी मान वाकडी करून थांबायचा. शनी सापडायच्या आत दोन्हींचे सेल संपले.

"मोठी जास्त दाखवती, काका, पण सेल लई खाती. धाकटीला नवीन घालायला विसरलो."

मी कुंपणाची बॅटरी काढून आणली. "ही जोडा."

"आणि भात?"

"खाऊंदेत डुकरं. आता खायला कोण हाय?"

त्यानं भाताकडं बघितलं आणि बॅटरी उचलून स्वतःच परत कुंपणाला जोडली.

"शनी कुठं जात न्हाई, काका. भात जाईल."

शनी न बघताच त्यानं दुर्बिणी पुसल्या, चादरीत गुंडाळल्या आणि गेला. मला त्याचा रागच आला. दमलेल्या माणसाला कामाला लावून गेला.

सकाळी मी विळा घेऊन भातात उतरलो. कापलेली पहिली कणसं दाराला बांधायची ती आमच्यात घरच्या बाईनं. मीच बांधली.