जिभेला चिकटणारा दगड

नाईक सर दगड हातात घेत, त्यावर फुंकर मारत आणि सरळ जिभेला लावत. रोह्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या पहिल्याच तासाला त्यांनी हे केलं आणि अख्खा वर्ग हसला. सरांनी शांतपणे तो दगड माझ्या हातात दिला. "तू हमरापूरचा ना? चाट. तुला कळंल."

खाणीतला साधा काळा दगड, त्यात एक तांबूस स्फटिक, कडा रेखीव. मी त्या स्फटिकाला जीभ लावली तर ती चिकटली. आमच्या गणपतीच्या कारखान्यात लहानपणी शाडू चाटताना चिकटायची, तशी. "माती आहे, सर," मी म्हणालो.

"व्हय. पण मूळचं हे ऑलिव्हिन. हिरवं, काचेसारखं. लाव्हा थंड झाल्यावर पाणी मुरत गेलं, आतलं सगळं कणाकणानं बदललं. आकार मात्र सोडला नाय." मग हसले. "तुमच्या गणपतीचा पाण्यात आकार जातो, माती उरते. ह्याचं उलटं."

तो दगड त्यांनी मलाच देऊन टाकला. कुणी नुसतं "ही माती" असं उत्तर दिलं की सर पुढे सरकत नसत. "मूळ कोण ते आधी विचारायचं. नायतर निम्मंच सांगितलंस."

पुढे मी कंपनीत लागलो, सर निवृत्त होऊन रोह्याजवळच्या वरसे गावात राहिले. मग एकदा सरांच्या पत्नीचा, काकूंचा फोन आला, सर माणसं विसरायला लागलेत. येतो म्हणालो आणि गेलो नाही. शिफ्टला जाताना त्यांच्याच दारावरून जायचो, मान दुसरीकडे वळवून. त्यांनी मला ओळखलं नाही तर, एवढीच भीती होती. तिला मी कामाची गडबड म्हणत राहिलो.

अखेर गेल्या रविवारी गेलो. काकू रागावल्या नाहीत, "ये" म्हणून चहा ठेवायला आत गेल्या. ते जास्त लागलं. सर ओट्यावर बसले होते. तीच ताठ पाठ, तोच चौकटीचा सदरा. डोळ्यांत मी नव्हतो.

त्यांनीच दिलेला तो दगड खिशातून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी फुंकर मारली. जिभेला लावला. मग परक्या माणसाला विचारावं तशा अदबीनं म्हणाले, "तुम्ही मूळचे कुठले?"

"हमरापूरचा, सर."

"मग तुम्हाला कळेल. चाटा."

मी जीभ लावली. सर उत्तराची वाट बघत होते, त्या पहिल्या तासाला बघितली होती तशीच.

"माती आहे, सर."

"व्हय," सर म्हणाले. "पण आकार बघ."